बिनभुशाचा बर्फ

समस्त लालबाग, परळ आणि चिंचपोकळीकरांना, विशेषतः त्यांतल्या अंथरुणाला खिळलेल्या मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की गेल्या जानेवारीत आमचे आतोबा, कुणीही गेलेलं नसताना, स्वतःहून बर्फाकडे गेले. विमानात बसून गेले, थेट आइसलँडपर्यंत गेले, आणि धडधाकट परत आले. या काळात आपल्या विभागात कुणालाही काही झालं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. बर्फ हा पदार्थ देवाने निर्माण केला असेल, पण तो समजला मात्र एकट्या आतोबांना. चौतीस वर्षं ते गोदीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना मासळीसाठी बर्फ करायचा, पण आतोबांची कीर्ती मासळीपुरती राहिली नाही. आमच्या चाळींमध्ये कुणी गेलं, की मुलगा दुबईला आणि भाऊ कणकवलीच्या पुढे, असं ठरलेलंच. ते पोचेपर्यंत मयत ठेवायचं तर खाली बर्फाच्या लाद्या हव्यात. मग कुणीतरी धावत आत्याच्या दाराशी येई आणि आतोबा कारखान्यातून लाद्या काढून, गोणपाटात गुंडाळून, टॅक्सीच्या डिकीत घालून हजर होत. टोपी काढत, बाहेर खोकत, मग आत येत. खाली प्लास्टिक, त्यावर भुसा, मग लाद्या, वरून पुन्हा भुसा आणि गोणपाट. सगळं न बोलता. कामाचा मोबदला म्हणून ते चहासुद्धा घेत नसत. भुसा मात्र स्वतःचा आणत. लोकांच्या भुशावर त्यांचा विश्वास नव्हता.

आता अशा माणसाचं चाळीत काय होणार? जिन्यात ते दिसले की लोक भिंतीला चिकटत. दुपारच्या वेळी गॅलरीतून ते सहज फेरी मारू लागले, तर दारं एकामागोमाग एक लोटून घेतली जात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दुसऱ्या माळ्यावरची एक म्हातारी दोन महिने डोळे उघडत नव्हती. तिचा मुलगा आत्याकडे किल्ली ठेवून गेला होता, ती परत द्यायला आतोबा तिच्या दारात गेले. म्हातारी ताडकन उठून बसली. ‘‘मी बरी आसंय!’’ असं ओरडली आणि स्वतःच्या हाताने वाटीभर पेज प्यायली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. डॉक्टरांनी कुणाला दिली नसतील इतकी वर्षं आतोबांनी नुसतं दारात उभं राहून लोकांना दिली, पण त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

त्यांच्याही खोडी काही कमी नव्हत्या. माणसाचं वजन ते किलोत सांगत नसत. ‘‘बाबू, जाडा झालास. मागच्या गणपतीत तीन लाद्यांचा होतास,’’ असं मला भर जेवणाच्या पंगतीत म्हणाले. लग्नात सरबताचा ग्लास हातात आला, की तो न पिता उजेडात धरायचा आणि जाहीर करायचं, ‘‘ह्यो बर्फ कालचो आसा.’’ लगेच वरपक्षाचे चार जण ग्लास खाली ठेवत. लादीच्या मध्यभागी पांढरं दिसलं की त्यांचा जीव तुटे. ‘‘हवा अडकली. घाई केली कोणीतरी. बर्फ काचेसारखा पाहिजे, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे.’’ घरी फ्रीज होता, पण त्यातला बर्फाचा कप्पा ते उघडत नसत. त्या एवढ्याशा चौकोनी तुकड्यांना बर्फ म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

आणि आत्या? ती तर खुद्द बायको. तरी तिने दाराबाहेर गरम पाण्याची बादली कायम ठेवलेली. आतोबा कुठूनही येवोत, मयतावरून येवोत नाहीतर भाजी घेऊन, हातपाय धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. तिला साधा ताप आला, तरी त्यांचं अंथरूण गॅलरीत. ‘‘इतकी वर्षं संसार केला, प्रेम आहे हो माझं,’’ ती म्हणायची. ‘‘पण ताप उतरेपर्यंत तोंड दाखवू नका.’’ आतोबा उशी बगलेत मारून निमूट बाहेर जात.

इथवर मी हसत हसत सांगतोय. पुढचं सांगताना तसं हसता येत नाही.

माझे बाबा आणि आतोबा म्हणजे कॅरमवरची जोडी. साला-मेहुण्याचं नातं फक्त लग्नपत्रिकेपुरतं, बाकी दोस्ती. बाबा परळच्या एका हॉस्पिटलात शेवटचे अठरा दिवस होते. पहिल्याच दिवशी आईने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, ‘‘तुझ्या आतोबांना वर पाठवू नकोस. मला कळतं वेडेपणा आहे. पण नको.’’ आतोबा रोज संध्याकाळी गेटसमोरच्या बसस्टॉपवर येऊन उभे राहत. हातात सोलकढीची बाटली. मी खाली जाऊन बाटली घ्यायचो आणि सांगायचो, ‘‘आतोबा, बाबा झोपलेत.’’

‘‘झोपू दे. झोप बरी.’’

वर बाबा जागे असत. दार वाजलं की मान वळवून विचारत, ‘‘तो आला नाय अजून?’’ मी म्हणे, येतील. अठरा दिवस मी दोन्हीकडे खोटं बोललो, आणि एकोणिसाव्या सकाळी बाबा गेले. तेव्हा आतोबा तासाभरात घरी आले. पण एव्हाना काळ बदललेला. त्यांचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झालेली आणि विभागातल्या मंडळाने विजेवर चालणारी काचेची पेटी घेतलेली. लाद्या नकोत, भुसा नको, प्लग लावला की झालं. आतोबांनी टोपी काढली, बाहेर खोकले, आत आले आणि पेटीजवळ नुसते उभे राहिले. बऱ्याच वेळाने वाकले. मला वाटलं, बाबांना नीट बघतायत. ते प्लग तपासत होते. ‘‘वायर सैल आहे रे बाबू, घट्ट बसव,’’ एवढंच म्हणाले. जिवंतपणी त्यांना येऊ दिलं नाही आणि मेल्यावर त्यांच्यासाठी काम उरलं नाही.

हे माझ्या मनातून जात नव्हतं. म्हणून दोन वर्षांनी टीव्हीवर हिमनद्या दाखवत होते आणि आतोबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘‘ह्या बर्फाला किती माणसं आलीत बघ. आणि सगळी हसतायत!’’ तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तीन तिकिटं काढली. लोक हसत हसत ज्याच्याकडे जातात असा बर्फ, आणि त्या लोकांच्यात उभे असलेले आतोबा, एवढं मला एकदा बघायचं होतं. आत्याने एकच अट घातली. ‘‘तिथे कुणाला सांगायचं नाही तुम्ही काय करायचात. मासळीच्या धंद्यात होतो म्हणा. नाहीतर लोक विमानातून उतरतील.’’

वीस मराठी माणसांची सहल. तिच्यात दादरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सोबत त्यांचे बायपास झालेले यजमान. पहिल्याच दिवशी आतोबांनी त्यांना हॉटेलच्या ग्लासातला बर्फ उजेडात धरून दाखवला, आणि बाई खूश. ‘‘काय निरीक्षण आहे हो तुमचं! मासळीवाल्यांना एवढं असतं?’’ बसमध्ये आतोबा त्यांच्या शेजारच्या रांगेत. बाई त्यांना थर्मासातला चहा देत होत्या, आणि आयुष्यात प्रथमच आतोबा दुसऱ्याच्या घरचा चहा पीत होते. आत्या मागून मला कोपराने ढोसत होती. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी हिमनदी. तिथे जानेवारीत सूर्य अकराला उगवतो आणि उगवल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखा चारच्या आत मावळतो. त्या करड्या उजेडात समोर बर्फाचा डोंगर. निळा. खाली समुद्राकाठच्या काळ्या वाळूवर तुटलेले तुकडे पडलेले, काही आमच्या खोलीएवढे. आतोबा त्यांच्यातून कारखान्याच्या आवारात फिरावं तसे फिरले. एका तुकड्यावर हात ठेवला, वाकून पलीकडे पाहिलं आणि मला हाक मारली. ‘‘बाबू, बघ! हवा नाय, काय नाय. पलीकडची बाई दिसते, तिच्या जाकिटाची चेनसुद्धा दिसते. कोणी घाई नाय केली.’’

तेवढ्यात सहलीच्या व्यवस्थापिकेने सगळ्यांना जमवून माहिती द्यायला सुरुवात केली. पूर्वी हिमनदी आपण बस लावली तिथपर्यंत होती, दरवर्षी मागे सरकतेय, ती मरते आहे असं इथले लोक म्हणतात.

मरते आहे म्हटल्याबरोबर आतोबांनी टोपी काढली. त्या थंडीत, त्या वाऱ्यात. दोनदा खोकले. आणि पुढे होऊन अत्यंत कळकळीने म्हणाले, ‘‘मग उघडी काय ठेवलीय? भुसा टाका की वरून! गोणपाट नाय? एवढा देश, कोणाकडे गोणपाट नाय?’’

सगळे हसले. बाईंनी कौतुकाने विचारलं, ‘‘मासळीला पण भुसा लागतो का हो?’’

‘‘मासळीला कशाला? मासळीचा बर्फ फोडायचा असतो. भुसा मयताला. चौतीस वर्षं आख्ख्या लालबाग-परळच्या मयतांखाली मी लाद्या लावल्यात. एक कधी खराब नाय झालं!’’

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. आणि मग त्यांना दिसलं, माणसं एकेक पाऊल मागे सरकली होती. आत्याने डोळे मिटले. बसमध्ये परतलो तेव्हा बाईंनी यजमानांना दोन रांगा पुढे हलवलं होतं. थर्मास त्यांच्या मांडीवर होता. आतोबा खिडकीकडे तोंड करून बसले.

रात्रीच्या आकाशात नाचणारे उत्तरेकडचे ते रंगीत दिवे, ज्यांच्यासाठी लोक एवढ्या लांब येतात, ते काही दिसेनात. पहिल्या दोन रात्री ढग होते, तेव्हा सगळे हवामानाला नावं ठेवत होते. तिसऱ्या रात्रीही ढग, तेव्हा बाई हलकेच म्हणाल्या, ‘‘तरीच!’’ त्या कुणाकडे बघून म्हणाल्या नाहीत. बघायची गरजही नव्हती.

चौथा दिवस शेवटचा. संध्याकाळचे आठ, पण बाहेर मिट्ट काळोख कधीचाच पडलेला. आम्ही हॉटेलात सूप पीत होतो. आतोबा जेवायला आले नव्हते. एकदम व्यवस्थापिका ओरडत आली, ‘‘आलेत! आलेत! चला बाहेर!’’ खुर्च्या पडल्या, माणसं पळाली, आत्यासुद्धा माकडटोपी हातात घेऊन धावली. मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. वर जिना चढून खोलीत गेलो.

आतोबा पलंगाच्या कडेवर बसले होते. पायात बूट, अंगात दोन स्वेटर, त्यावर जाकीट, हातमोजे, टोपी. सगळी तयारी करून बसले होते, पडदा ओढून.

‘‘चला, दिसतायत.’’

‘‘तुम्ही बघा. झालं की सांग. लोक एवढे लांबून आलेत, माझ्यामुळे नको.’’

मला परळचा तो बसस्टॉप दिसला. मी म्हटलं, ‘‘आतोबा, तेव्हा बाबा झोपलेले नसायचे.’’

‘‘ठाऊक आहे रे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या खोलीचा दिवा मला खालून दिसायचा. तो उजेड असला की झोपत नाय, पन्नास वर्षं ओळखतो त्याला.’’

‘‘मग वर का नाही आलात?’’

त्यांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. ‘‘आणि आलो असतो नि त्याच रात्री तो गेला असता, तर? तुझ्या आईने मला जन्मभर घरात घेतलं नसतं. आणि खरं सांगू? मला पण वाटलं असतं, माझ्यामुळेच.’’

मी त्यांचा हात धरला आणि ओढला. लाद्या ओढलेला हात तो, ठरवलं असतं तर त्यांनी मला गादीवर आपटलं असतं. पण ते उठले.

बाहेर सगळी माणसं माना वर करून उभी होती. आधी आकाशात फक्त धुरासारखा पट्टा, मग तो हिरवा झाला, मग कुणीतरी दोरीवर ओलं लुगडं झटकून वाळत घालावं तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत हलायला लागला. दारातच आतोबांनी टोपी काढली आणि सवयीने खोकले. त्या खोकल्यासरशी सगळ्याच्या सगळ्या माणसांनी वळून पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्याकडे, आणि मग, घाईघाईने, वर. बाईंचा हात यजमानांच्या दंडावर घट्ट. मी खोटं सांगत नाही, मीसुद्धा वर पाहिलं. आतोबा उंबऱ्याच्या आतच थांबलेले, एक पाऊल मागे घ्यायच्या तयारीत.

हिरवा उजेड हलत राहिला. आणखी रुंद झाला. आतोबांच्या टकलावर पडला.

तेव्हा आत्या, जिने चाळीस वर्षं दाराबाहेर गरम पाण्याची बादली ठेवली, ती सगळ्यांच्या देखत रडत, हसत, केवढ्यांदा तरी ओरडली, ‘‘अहो, बघा ना! तुम्ही आलात तरी आहेत हो ते अजून!’’