टबाखालचा ढाळ

अमरावतीच्या घरामागे गरम पाण्याचा टब बसवायचा म्हटल्यावर अख्खी गल्ली हसली. एवढ्या उन्हाच्या गावात गरम पाणी! हसणाऱ्यांना काय सांगू? थंडी पडली की माझ्या मायचे गुडघे असे धरतात, की सकाळी खाटेवरून उतरायलाच तिला अर्धा तास लागतो. डॉक्टर म्हणाले, रोज छातीभर गरम पाण्यात बसवा. पुण्याच्या भावानं टब पाठवून दिला आणि मोकळा झाला. पुढचं सगळं माझ्या गळ्यात.

टबासोबत आलेल्या कागदात एक ओळ ठळक छापलेली होती. खालची जागा पक्की आणि एकदम समतल हवी. आमची जमीन काळी. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता कोबा टाकला तर वर्षाच्या आत तडकतो, हे इथं कोणालाही न शिकवता कळतं. म्हणून मी मिस्त्रीची पाठच सोडली नाही. कमरेएवढी माती काढायला लावली, मुरूम भरला, पाणी मारून थर न् थर धुम्मसानं ठोकून घेतला. वर गिट्टी, सळई. तो पार कावला. "मॅडम, शाळेतून रिटायर झाल्या ना तुमी? मंग माही हजेरी कायले घेऊन राहिल्या?"

नेमका कोबा ओतायच्या दिवशी मूर्तिजापूरला मयतीला जावं लागलं. जाताना मिस्त्रीला कागदातली ती ओळ दाखवून दहादा बजावून गेले.

पुढे वीस दिवस मी स्वतः कोब्यावर पाणी मारलं. टब बसला, भरला, सकाळपासून तापत ठेवला. दुपारी झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. एका बाजूला पाणी काठाला लागलेलं, दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली. मिस्त्रीला फोन करून बोलावलं. त्यानं निवांत पाहिलं.

"ढाळ देला न मी. उघड्यावरचा कोबा हाय. ढाळ नाई देला तं पानी साचन."

ढाळ म्हणजे पाणी वाहून जायला दिलेला उतार; आमच्याकडचा कोणताच मिस्त्री अंगणात तो दिल्याशिवाय हात धूत नाही. पाणी साचलं तर त्याची इज्जत जाते. पण अंगण वेगळं आणि टब वेगळा, एवढीही अक्कल चालवू नये माणसानं?

"आणि कागद दाखवला होता तो?"

"कागद पुण्याचा हाय मॅडम. पाऊस इथचा हाय."

तीस वर्षांत कोण्या विद्यार्थ्याला बोलले नसेन ते मी त्याला बोलले. त्याचा आपला एकच हेका, वरून एक थर देऊन सपाट करतो, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस! तोवर थंडी संपते आमच्याकडे. तशीच खाली वाकले आणि टबाचं पाणी सोडायला लागले.

मागच्या दारात काठी वाजली. माय उभी होती.

"काय करून राहिली वं?"

"पाणी सोडतेय. सगळं वाकडं करून ठेवलं यानं."

"गरम हाय ना?"

"हाय."

"मंग कायले सांडून राहिली? तुले पानी सारकं पायजे, मले गरम पायजे. हात दे."

मी पाणी बंद केलं. मिस्त्रीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि लुगड्यासकट तिला खोल बाजूला बसवलं. तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "गुडघे कसे आहेत माय?"

"बरे हायेत," ती डोळे न उघडता म्हणाली. "दोन महिन्यांत आज इचारलं तू."

खरं होतं. दोन महिने मी रोज मुरमाचीच चौकशी केली होती.