उसना न्यूट्रल

मी भुतंखेतं मानत नाही, हे आधीच सांगते. इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये, डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे आपल्याकडच्या दवाखान्यात, रिसेप्शनला एकोणीस वर्षं काढली आहेत. सकाळी आठला फोन वाजायला लागले की घाबरायला फुरसत नसते. पण दोन हजार सातच्या डिसेंबरात, आगाशे बाईंच्या किचनमध्ये त्यांचा हात हातात धरून बसले असताना मी जे ऐकलं ते ऐकलं. कुणाला पटो, न पटो.

गोष्ट माझ्या मैत्रिणीची, श्यामला खैरनारची. नाशिकच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करणारी ही एकटी मुलगी. वर्गातली पोरं 'वायरबाई' म्हणून हाका मारायची. ती सगळ्यांना पुरून उरली, सर्टिफिकेट घेतलं, तिथल्याच एका कारखान्यात नोकरी केली. मग नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं आणि ही आली. इथल्या कॉलेजात तिने ते सर्टिफिकेट दाखवलं, तर त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. छान आहे म्हणे, पण सुरुवातीपासून करावं लागेल.

केलं बाईने सुरुवातीपासून! चाळिशीला टेकलेली ही, मिसरूड न फुटलेल्या पोरांशेजारी संध्याकाळच्या क्लासला बसली. लेव्हल टू झाली, लेव्हल थ्री झाली, प्रॅक्टिकलची मोठी परीक्षा झाली. एवढं करूनही माणूस इलेक्ट्रिशियन होत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. खऱ्याखुऱ्या घरांत काय काम केलं त्याची फाइल लागते. त्यात फोटो, टेस्टचे आकडे आणि खाली सुपरवायझरची सही. आणि बाईला कामावर घेतो कोण? दीड वर्ष फोन करून करून शेवटी स्लाऊच्या रवीने घेतलं. रवी इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं, हिच्याहून बारा वर्षांनी लहान, स्वतःची व्हॅन असलेला कॉन्ट्रॅक्टर. तो हिला मावशी म्हणायचा, ही त्याला बॉस म्हणून चिडवायची.

पाच वर्षांनी फाइलमध्ये एकच काम उरलं. जुन्या घरातलं लाइटचं वायरिंग दुरुस्त करायचं आणि सगळ्या टेस्ट लिहून द्यायच्या. ते एकतीस डिसेंबरच्या आत झालं तर गोल्ड कार्ड, म्हणजे पक्की इलेक्ट्रिशियन. नाही झालं तर रजिस्ट्रेशन संपणार आणि फाइल पुन्हा पहिल्या पानापासून. "मंजिरी, पुन्हा नाही गं होणार माझ्याने," म्हणाली. श्यामला रडणाऱ्यातली नाही. त्या दिवशी रडली.

म्हणून मीच आगाशे बाईंचं घर सुचवलं. डॉक्टर सुलक्षणा आगाशे आमच्याच सर्जरीतून रिटायर झालेल्या, वय सत्त्याहत्तर. त्यांचे यजमान डॉक्टर श्रीनिवास हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते, आणि त्यांना घरातली कामं स्वतः करायचं भारी वेड. निम्मं वायरिंग त्यांनी रविवारी शिडीवर चढून केलेलं. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा एक नेम होता. दिवेलागणीला घरी असले की जिन्याच्या वरच्या टोकाचा, लँडिंगवरचा दिवा तेच लावायचे. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावलेला त्यांना खपत नसे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्यामला तिथे गेली. आता तिचा नियम ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. आधी घराचा मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. मग टेस्टरने वायर तपासायची, आणि टेस्टर स्वतः धड आहे ना, हे वायरच्या आधी आणि नंतर असं दोनदा पाहायचं. वायर 'डेड' आहे हे सिद्ध करायचं म्हणतात इथे. वीज गेली असं नुसतं समजून चालत नाही.

श्यामलाला हे झोपेतून उठवलं तरी पाठ. पण त्या दिवशी तिने मेन बंद केला नाही. खालच्या लाइटचा फ्यूज काढला आणि वरच्या मजल्याची वीज तशीच ठेवली. का? तर तिन्हीसांजा होत आल्या होत्या, आणि एकट्या म्हाताऱ्या बाईचं घर दिवेलागणीला काळोखात कसं ठेवायचं! तिच्या वर्गातल्या एकाही गोऱ्या पोराने ही चूक केली नसती. मी मात्र केली असती, खोटं कशाला बोलू.

खालची वायर तपासली तर डेड. शिडीवर चढून तिने हॉलच्या छतातला जोड सोडवला. तेवढ्यात वर बटण वाजलं, टक् करून. आणि तिच्या हातातली मेलेली वायर जिवंत झाली.

नंतर तिने मला समजावलं. वीज एका वायरने दिव्यापर्यंत जाते आणि दुसरीने परत येते. त्या परतीच्या वायरला न्यूट्रल म्हणतात. डॉक्टरांनी लँडिंगच्या दिव्याला वेगळी परतीची वायर ओढलीच नव्हती, खालच्या हॉलचीच जोडून टाकली होती. उसना न्यूट्रल! वरचं बटण बंद असेपर्यंत कळायचं नाही. कुणी दाबलं की वरची वीज दिव्यातून खाली उतरणार आणि सोडवलेल्या टोकाशी जो असेल त्याच्या हातात शिरणार.

श्यामला शिडीवरून खाली आपटली, मनगट मोडलं. जीव वाचला हेच खूप. मी धावत गेले आणि आधी बाईंवरच उखडले. "काय हो बाई, बटणाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी किचनमध्ये होते, चहा ठेवत होते. मी नाही लावला."

"मग घरात आहे कोण दुसरं?"

"हे लावतात ना," बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "रोज लावतात. रात्री मी बंद करते."

माझ्या पाठीवरून गार पाणी गेल्यासारखं झालं, पण राग त्याहून मोठा होता. बाईंचं डोकं फिरलं, विसरायला लागल्या, असं मी धरून चालले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासाठी स्मरणशक्तीच्या टेस्टची अपॉइंटमेंट घेतली. बाई मुकाट्याने आल्या. तीसपैकी तीस मार्क मिळाले.

इकडे रवी श्यामलाला विनवत होता, "मावशी, फाइलमध्ये हा अॅक्सिडेंट लिहू नका. कोणी बघितला नाही."

"माझ्या मनगटाने बघितलाय," ती म्हणाली आणि डाव्या हाताने सगळं लिहिलं. मेन बंद केला नव्हता, हेही लिहिलं. बटण कुणी दाबलं या प्रश्नापुढे लिहिलं, माहीत नाही. परीक्षक केन नावाचा उंच, अबोल गृहस्थ होता. त्याने वाचलं, ते काम बाद केलं. पण खरं लिहिलं म्हणून एक तारीख दिली. एकोणीस डिसेंबर, त्याच घरात, तो स्वतः शेजारी उभा राहणार. हुकलं की संपलं.

प्लास्टर निघून पाच दिवस झाले होते. श्यामलाने मेन बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मला म्हणाली, "तू बाईंजवळ बस. काही झालं तरी त्यांचा हात सोडायचा नाही. शपथ आहे माझी." मी बसले. कामाला दुपारी सुरुवात झाली, पण जुन्या भिंती कुठे लवकर ऐकतात! पावणेचारला घर काळवंडायला लागलं. हीटिंगही बंद, बोटं बधिर झालेली. मी मेणबत्ती लावू का विचारलं.

"नको. ह्यांना मेणबत्ती आवडत नाही, आग लागेल म्हणतात."

किचनच्या उघड्या दारातून हॉल दिसत होता. शिडीवर श्यामला, कपाळावर बॅटरी, खाली केन कागद घेऊन. श्यामलाचा हात त्याच जोडाकडे चालला होता. तोच डोक्यावर, वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीची फळी करकरली. कुणीतरी बेडरूममधून बाहेर यावं तशी, सावकाश. मग लँडिंगवर थांबली.

टक्.

बाईंचा हात माझ्या हातात होता. गरम होता. मी तो किती जोरात दाबला ते मला नंतर त्यांच्या बोटांवरून कळलं.

"वर कोण आहे?" केनने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

शिडी थडथडत होती. परीक्षकाने काही सांगायचं नसतं, म्हणून केन गप्प. ती उतरली असती तर कुणी नावं ठेवली नसती, पण कार्ड गेलं असतं. मी मनात ओरडत होते, उतर गं बये, खड्ड्यात गेलं ते कार्ड! तिने खिशातून टेस्टर काढला. आधी तो तपासायच्या छोट्या बॅटरीच्या डबीवर धरला, त्याचा दिवा लागला. मग छतातल्या वायरला धरला. काळाठिक्कर. पुन्हा डबीवर, लागला. "डेड," ती मोठ्याने म्हणाली, आणि उघड्या हाताने वायर धरली.

काही झालं नाही. पण वरची फळी पुन्हा करकरली, या वेळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर. दिवा का लागला नाही ते बघायला कुणी खाली येत असावं तशी. मग दुसऱ्या पायरीवर.

बाई बोलल्या. ओरडल्या नाहीत. किचनमधून माणूस माणसाला सांगतं तसं म्हणाल्या, "अहो, आज लाइट नाहीये. मुलीची परीक्षा आहे. राहू दे."

जिना थांबला. फळ्या मागे मागे करकरत गेल्या, आणि वर बटण पुन्हा वाजलं. बंद केल्याचं.

केनने कागदावर काहीतरी खरडलं. जुन्या बटणांच्या स्प्रिंग थंडीत अशा वाजतात, म्हणाला. श्यामलाने लँडिंगच्या दिव्याला त्याची स्वतःची परतीची वायर ओढली, आकडे लिहिले, सहाला कुलूप काढलं. घर लख्ख उजळलं. फेब्रुवारीत गोल्ड कार्ड आलं. रवी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी आता ऑफिशियल झाला!" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

त्या आठवड्यात मी आगाशे बाईंकडे गेले, माफी मागायला. टेस्टचं माझ्या मनाला फार लागलं होतं. बोलता बोलता पाच वाजले. बाई उठल्या, कठडा धरून एकेक पायरी चढल्या, लँडिंगवरचा दिवा लावला आणि तशाच धापा टाकत खाली आल्या.

"आता ते नाही का लावत?" मी विचारलं.

"नाही. त्या दिवसापासून नाही."

"नव्या वायरिंगमुळे असेल का हो?"

"वायरिंगचं काय गं. मी राहू दे म्हटलं ना." बाई हसायला गेल्या, पण जमलं नाही. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकलं माझं."

श्यामलाला मी हे सांगितलेलं नाही.