दुपट्यातला वरवंटा

शेजारच्या बारशात बायकांनी रीतीप्रमाणे आधी वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातला, मग बाळाला. सगळं उरकल्यावर तो वरवंटा आत ठेवायला माझा मुलगा उठला.

सातव्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो वाचला, पण त्याच औषधांनी त्याचं बाप होणं हिरावलं. हल्ली म्हणे उपचारांआधी लहान मुलांच्या वृषणातला तुकडा गोठवून ठेवतात, पुढेमागे तो पुन्हा रुजवता येईल या आशेवर.

"माझं काही ठेवलेलं नाही ना, आई?" त्याने एकदाच विचारलं होतं.

तेव्हा तशी सोयच नव्हती. आम्ही जीव मागितला, तो मिळाला. आता कुणाकडे काय मागू?

दुपट्यातल्या दगडाच्या मानेखाली हात धरून तो सावकाश स्वयंपाकघराकडे निघाला होता.