पिठाच्या डब्याचे डोळे

ओवी आणि निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आजीच्या पिठाच्या डब्याला डोळे का आहेत. मी विषय बदलला, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. आता सवडीने, क्रमवार सांगते.

ते डोळे डोळेबाईने लावले. डोळेबाई म्हणजे आपल्या अंबरनाथच्या घरात, मागच्या खोलीत, दिवसभर टॅबवर कार्टूनची पात्रं काढत बसणारी मुलगी. राहायची बदलापूरला, तिथे दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक मोठ्या आवाजाचा टीव्ही, म्हणून कामापुरती माझी ही खोली घेतलेली. तिला कुठलीही वस्तू बिनडोळ्यांची बघवत नसे. टॅबवर काढण्याआधी ती खऱ्या वस्तूला कागदाचे डोळे चिकटवून लांबून बघायची. एकदा मी पूजेला बसले, तर तेलाची बुधली माझ्याकडे टक लावून बघत होती.

तिचा एक नियम होता. "आधी त्याला कशाची भीती वाटते ते ठरवायचं, आजी. नाक मागाहून." झाडू पालीला भितो, इस्त्री रेशमाला. पिठाचा डबा कोणाला भितो, असं मी विचारलं.

"तुम्हाला. दर सोमवारी उलटा करून ठोकता त्याला."

मी मनाला लावून घेतलं नाही, पण त्या सोमवारी जरा हळू ठोकलं.

तिचे वडील आनंदनगरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्यांनी तिच्यासाठी कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये जागा बोलून ठेवली होती. अट सरळ होती: दिवाळीच्या आत एक तरी काम धड पार पडलं तर चित्रं, नाहीतर डिस्पॅच. कामं यायची, पण गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणून जे जायचं ते जायचंच.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा उल्हासनगरचे एक पापडवाले शेठ मिळाले. त्यांना पाकिटावर पापडाचं कार्टून हवं होतं. शेठ सिंधी, पण मराठी माणसाशी हट्टाने मराठीच बोलणारे. फोनवर म्हणाले, चेहरा गोड पाहिजे आणि दोन्ही हात खाली पाहिजे. डोळेबाईने आठ दिवस खपून पापड काढला. गोल, मोडण्याला भिणारा, दोन्ही हात खाली लोंबलेले, नजर पायांशी. अगदी वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.

शेठ बघायला घरी आले. बराच वेळ बघून म्हणाले, "बेटी, याला कोणी मारला?"

"तुम्हीच हात खाली सांगितले ना, शेठ?"

"खाली म्हणजे खाली. रिकामा. त्याच्या हातात पाकीट देणार होतो ना मी."

त्यांचं 'खाली' हिंदीतलं होतं. डोळेबाईचा चेहरा पापडासारखाच झाला. मी जन्मभर इंग्रजी वाचलेली बाई. एम्प्टी की डाऊन, एवढं विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. आणि फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसून मान डोलावत होते. दोन दिवसांत हात बदलून देते, असं ती कसंबसं म्हणाली.

शेठ उठले, परत बसले. "नको. लहानपणी आईने खाटेवर पापड वाळत घातले होते, आणि मी त्यांच्यावर बसलो. आई समोर उभी. तेव्हा मी असाच दिसत होतो." मग म्हणाले, "पाकीट डोक्यावर ठेव."

तोच पापड छापला गेला, डोक्यावर पाकीट घेऊन, दिवाळीच्या चार दिवस आधी. वडिलांनी दुकानातून एक पाकीट आणलं, टीव्ही बंद करून निरखलं आणि म्हणाले, "घाबरट आहे. आपल्याच घरावर गेलाय." डिस्पॅचचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे तिला हैदराबादच्या एका कार्टून स्टुडिओत काम मिळालं. जाण्याआधी तिने सगळ्या वस्तूंचे डोळे काढले, बुधलीचेसुद्धा, आणि खोली जशी घेतली होती तशी करून दिली. मला अशी शिस्त आवडते. पण ती डब्यापाशी आली तेव्हा मी म्हटलं, तो राहू दे.

"तो तुम्हाला भितो ना, आजी?"

"आता सवय झालीय त्याला," मी म्हटलं.

डबा अजून फडताळात आहे. डोळे दोन्ही आहेत. दर सोमवारी मी तो मागच्या बाजूने ठोकते.