पुंगळ्यांची विचारपूस

बंदुकीच्या रिकाम्या पुंगळीला "बरी आहेस ना गं?" असं विचारणारा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात एकच असणार, आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. नवऱ्यामागून परदेशात, या ट्रुगानिना उपनगरात आले तेव्हा माझं शिक्षण दहावीत सुटलेलं, इंग्रजी थँक्यूपुरतं आणि छातीत सदा धडधड. खोली कुणी देईना. या काकांनी दिली. विचारलं एवढंच, "हाताला काम आवडतं ना?"

काका एकटेच राहायचे. रविवारी रायफल क्लबात कागदी निशाणांवर नेम धरायचे. बंदूक तिजोरीत कुलूपबंद. मी तर त्या तिजोरीकडे पाठ करूनच झाडू मारायचे. पण उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी मांडलेल्या. साफ करून तपासल्या की त्या नवी दारू-गोळी घालून पुन्हा भरता येतात. काका एकेक पुंगळी खिडकीशी धरून मानेला चीर गेलीय का बघायचे, बुडातली वाजलेली टिकली ठोकून काढायचे, आणि लांबी मोजताना चक्क श्वास रोखायचे. तेवढ्यात फोन आला तर वाजू द्यायचे. सिडनीची मुलगी चिडायची, "बाबा, यू आर इम्पॉसिबल!" त्यावर काकांचं "नो वरीज." डॉक्टरनं शुगर वाढल्याचं सांगितलं तेव्हाही तेच.

पुंगळ्या धुण्याचं काम मी मागून घेतलं. "कोमट पाणी, साबणाचा थेंब, बास," काका म्हणाले. "स्वच्छ हव्यात, लखलखीत नकोत." पण क्लबाच्या मोठ्या मॅचआधी ते मुलीकडे सिडनीला गेले आणि मला त्यांच्यासाठी काहीतरी करून दाखवायची घाई झाली. आमच्याकडे पितळ म्हटलं की चिंच-मीठ. मॅचसाठी निवडून ठेवलेल्या सगळ्या पुंगळ्या मी चिंचेच्या कोळात घातल्या आणि ते परत येईपर्यंत तशाच भिजत ठेवल्या.

काकांनी आल्या आल्या एक उचलून खिडकीशी नेली.

"कशात भिजवल्यास?"

सांगितलं.

"गुलाबी पडल्यात बघ. पितळातलं जस्त निघून गेलं. आता भरल्या तर डोळ्याजवळ फुटतील."

त्यांनी पक्कड घेतली आणि चुकून कुणी वापरू नयेत म्हणून एकेक चेपायला लागले. मॅचला नेण्याजोगी एकही उरली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या बॅगा फुटपाथवर दिसायला लागल्या.

"काका, खोली कधी रिकामी करू?"

पक्कड थांबली. "खोलीचा काय संबंध? पितळ घासायला कुणी शिकवलं तुला?"

"आईनं."

"मग बरोबरच शिकवलं. तिला तांब्या बंदुकीत घालायचा नव्हता. ती दुसरी पक्कड घे, मेट," क्लबातल्या दोस्तांना म्हणायचे तसं म्हणाले, "एकट्यानं संपायच्या नाहीत."

मॅचच्या दिवशी ते घरीच राहिले. उप्पीट करपवलं, मलाच वाढलं, आणि भंगारात टाकायच्या जुन्या पुंगळ्या काढून मला पहिल्यापासून शिकवायला बसले. मॅचचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं. खोलीची किल्ली परत द्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. उगाच परत कशाला?" आता काका कायमचे मुलीकडे आहेत, बंदूक क्लबातल्या कुणाला तरी रीतसर देऊन टाकली, घर विकलं गेलं. नव्या माणसांनी कुलूपही बदललं असणार. किल्ली माझ्या जुडग्यात अजून आहे. ती कशाची, असं कुणी विचारलं की मी म्हणते, माझ्या खोलीची.