हँडलमधल्या गोळ्या

वडील गेल्यावर त्यांची मोटारसायकल मी चालवू लागलो. वेग घेतला की तिचं हँडल थरथरायचं. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर एकदा पडता पडता वाचलो, तेव्हा पुलाअलीकडे लिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढचं चाक अधांतरी ठेवून त्याने डोळे मिटले आणि हँडल एका बोटाने फिरवलं. मधोमध ते अडखळलं. आतल्या बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या झिजल्या होत्या.

"त्या राहू द्या. वडिलांच्या वेळच्या आहेत," मी म्हणालो.

तो हसला. "भाऊ, तुन्हा बाप तुले पाडाले बठेल शे का तठे?"

वडील काही मला पाडायला तिथे बसले नव्हते; मी मान हलवली. नव्या गोळ्या बसवून त्याने जुन्या पुसल्या आणि चिंधीत बांधून माझ्या खिशात टाकल्या. मी निघालो, तर त्याने हँडलवरच्या माझ्या आवळलेल्या मुठीवर टिचकी मारली. "इतलं घट्ट धरू नको. गाडी नीट चालस, तूच चालू देस नही."

वडील पुलावर नेहमी डावा हात सोडून तापीला नमस्कार करत. मागे बसलेला मी घाबरून त्यांना बिलगायचो. त्या दिवशी पुलाच्या मध्यावर मी हळूच डावा हात उचलून छातीशी नेला. गाडी सरळ चालत राहिली.