कलेक्टरचं शेपूट

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात आम्ही तिघीच: कोमल, सानिया आणि मी. बोलण्याचं काम त्या दोघी करतात, ऐकण्याचं मी. त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडेच साचतात. एक आठवून पुरता हसून होत नाही, तोवर दुसरा घडलेला असतो. या वर्षी तर एका डायनासोरने कहरच केला!

*

एके दिवशी विज्ञानाचे सर मोबाइल उंच धरूनच वर्गात आले. नव्याने सापडलेल्या एका डायनासोरच्या जीवाश्माचा फोटो होता. दगडात हाडं, आणि हाडांभोवती पिसांचे ठसे. चक्क पिसं!

"सगळेच डायनासोर संपले नाहीत," सर म्हणाले. "त्यांच्यातल्या एका शाखेचे पुढे पक्षी झाले. तुमच्या अंगणात फिरते ना, ती कोंबडी म्हणजे डायनासोरच!"

सानियाच्या अब्बांचं चिकनचं दुकान आहे. ती हळूच उभी राहिली.

"सर, मग अब्बा रोज काय कापायलेत?"

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पाटीवर कुणीतरी खडूने 'डायनासोर सेंटर' लिहून ठेवलं होतं. सानिया रडकुंडीला येऊन ओढणीनेच पुसायला लागली. अब्बांनी तिचा हात धरला.

"पुसू नक्को बेटा, गिराइकी बढ गई!"

*

कोमलच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत आणि एक कोंबडा. त्याचं नाव कलेक्टर. तो मान ताठ करून अंगणात फेरी मारतो आणि बाकीच्या कोंबड्या बाजूला होतात, म्हणून. अंड्यातून निघाल्यापासून कोमलनेच त्याला वाढवलंय.

पक्ष्यांच्या पायावर सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे खवले असतात, असं सरांनी सांगितलं. कोमलने दुसऱ्या दिवशी कलेक्टरलाच शाळेत आणलं! आम्ही वाकून त्याचे पाय बघत होतो. खरंच खवले! इतकी वर्षं कोंबड्या बघतेय, पण त्यांचे पाय मी कधी पाहिलेच नव्हते.

तेवढ्यात मुख्याध्यापक बाई आल्या. कलेक्टर टेबलावर चढून त्यांच्याकडेच बघायला लागला.

"हे कोण?" बाईंनी नेमकं मलाच विचारलं.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "डायनासोर, बाई."

"मग सहावी 'ब'मध्ये नेऊन सोडा. बाकीचे तिथंच आहेत."

*

त्या जीवाश्मातली मोठी गोष्ट पुढेच होती. त्या प्राण्याला पिसं होती, पण हात इतके आखूड की त्याला उडता येणं शक्यच नव्हतं. म्हणजे पिसं आधी आली, उडणं नंतर!

"उडायचंच नव्हतं, तर पिसं कशाला सर?" सानियाने विचारलं.

"ऊब मिळायला. शिवाय शेपटीची लांब पिसं कदाचित भाव खायला."

"आमचा कलेक्टर पन तसलाच," कोमल म्हणाली. "उडत न्हाई, नुसता भाव खातो." मग खाली बघून म्हणाली, "जत्रेपर्यंतच खाईल म्हना."

आमच्या घरी नवस नसतात, म्हणून 'जत्रेपर्यंतच का?' असं मी विचारलं. मागे त्यांच्या शेळ्या आजारी पडल्या तेव्हा कोमलच्या आईने, म्हणजे काकूंनी, म्हसोबाला कोंबडा बोलला होता. शेळ्या बऱ्या झाल्या. आता जत्रेत कलेक्टरला कापणार होते!

"दुसरा नाही का चालणार?" मी म्हटलं.

"देवाला अंगानं पूर्ण लागतो. तुरा, नखं, शेपूट, सगळं. आमच्यात तेवढा एकच हाय."

सानिया हे ऐकून माझ्याहून जास्त हादरली. चिकनवाल्याची मुलगी असूनही!

*

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही त्या डायनासोरची प्रतिकृती करायला घेतली. बांबूच्या कामट्या, सुतळी, वर कागदाचा लगदा. शेळीएवढा झाला. सानियाने दुकानातून पिसं आणली, पण ती ब्रॉयलरची. डायनासोर पांढरा स्वेटर घातल्यासारखा दिसायला लागला.

"शेपटीला लांब पिसं हवीत," सर म्हणाले. "जीवाश्मात मुख्य तीच आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमलने दप्तरातून एक जुडी काढली. लांब, काळी, उन्हात हिरवी चमकणारी पिसं. ती कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. सानियाने तोंडावर हात ठेवला.

"कोमल! काय केलीस गं?"

"गळाली."

"सगळी? एका रात्रीत?"

कोमल शांतपणे डिंकाची बाटली उघडत म्हणाली, "उत्क्रांती."

*

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या टेबलापुढे गर्दी होती. परीक्षक नुकतेच पुढे गेले होते, इतक्यात काकू आल्या. काखेत कलेक्टर. त्याला शेपूट नव्हतं! मागून तो अगदी घागरीसारखा दिसत होता.

काकूंची नजर डायनासोरच्या शेपटीवर गेली आणि तिथेच थांबली. सरांचा चेहरा पांढरा पडला. कोमल टेबलाखाली. सानिया कधी पळाली ते कळलंच नाही. उरले मी!

"ह्यो कोन?" काकूंनी विचारलं.

"काकू, हा... डायनासोर. कोंबड्याचा पूर्वज. आजा म्हणा. म्हणजे आज्याच्या आज्याच्या लय मागचा आजा."

"खरं?"

"दगडात सापडलाय. खरंच."

काकूंनी डायनासोरभोवती एक फेरी मारली. नखं मोजली. डोळे बघितले. पाय चाचपले. शेपटीवरून हात फिरवला.

"काही कमी-जास्त न्हाई ना ह्याच्यात?"

"नाही," सर घाईने म्हणाले. "अंगाने पूर्ण आहे."

काकूंनी कलेक्टरला खाली सोडलं. "उद्या जत्रा हाय. ह्यो लागल मला."

सर म्हणाले, "अहो ताई, पण निवड झाली तर परभणीला जिल्हा प्रदर्शनात..."

"जत्रा झाल्यावर न्या की. मी कुटं नगं म्हनायले?"

*

जत्रेत म्हसोबापुढे कोंबडे घेतलेल्या बायकांची रांग होती. रांगेत काकू उभ्या होत्या, डोक्यावर हळद-कुंकू लावलेला डायनासोर घेऊन. मागे आम्ही तिघी, मान खाली घालून.

काकूंची पाळी आली. सुरी घेतलेला पुजारी वर बघून दोन पावलं मागेच सरकला.

"काय आनलंस गं हे? तू तर कोंबडा बोलली होतीस ना देवाला?"

काकूंनी डायनासोर खाली उतरवला, त्याची शेपटी नीट केली आणि पदर सावरला.

"नातवाचं काय घिऊन बसलाव? आजाच आनलाय!"